चष्म्याचा नंबर, सिलिंडर आणि तारे: दोन-अडीच पटीच्या रुंद क्षेत्राच्या दुर्बिणी

निशाचर_म:

नमस्कार मंडळी,

आकाशदर्शन सुरू करणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात, आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखायला शिक, मग १०×५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण) घे, मग टेलिस्कोपचं बघू. सल्ला चांगलाच आहे पण तो ज्याचे डोळे ठणठणीत आहेत त्याच्यासाठी. ज्याला जाड चष्मा आहे, त्यात सिलिंडर (डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याचा नंबर) आहे किंवा मोतीबिंदू धरायला लागलाय त्याची पहिली पायरीच निसटते. त्याला सप्तर्षी दिसतात, मृग दिसतं, पण अधलेमधले चौथ्या-पाचव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारे दिसत नाहीत, कृत्तिका म्हणजे एक पुसट डाग, आणि १०×५० हातात दिली की साडेसहा अंशांच्या गोलात आपण आकाशात नेमके कुठे आहोत हेच कळत नाही. मग माणूस कंटाळतो आणि आपले डोळेच या छंदाच्या लायकीचे नाहीत असं ठरवून मोकळा होतो. मला हे अजिबात मान्य नाही म्हणून हा धागा.

या दोन पायऱ्यांच्या मधे एक पायरी आहे, दोन ते अडीच पटीची दुर्बीण. व्हिक्सनची एसजी २.१×४२ हे त्यातलं ओळखीचं नाव, कासाईची २.३×४० वाईडबिनो आहे, ओमेगॉनचीही २.१×४२ येते. आतली रचना जुनीच, गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे रोखली तीच, पुढे बहिर्गोल भिंग आणि डोळ्यापाशी अंतर्गोल. प्रतिमा आपोआप सरळ दिसते, प्रिझम लागत नाहीत, म्हणून दुर्बीण आखूड आणि हलकी होते. २.१×४२ चं क्षेत्र २५ अंशांच्या आसपास आहे म्हणजे ५० पूर्णचंद्र एका ओळीत मांडले तर बसतील. मृगाजवळचे काक्षी आणि राजन्य हे ठळक तारे एकमेकांपासून साडेअठरा अंशांवर आहेत, ते दोन्ही आणि मधला मृगाचा पट्टा एकदम दिसतो. सप्तर्षींचं मात्र एक टोक किंचित बाहेर राहतं.

दोन पटीने असा काय फरक पडणार असं वाटत असेल तर हिशोब बघा. २.१ चा वर्ग साधारण ४.४, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्तीत जास्त तितक्या पटीने वाढतो आणि प्रतीच्या भाषेत ती दीडेक प्रत झाली. पाचव्या प्रतीपर्यंत अख्ख्या आकाशात सोळाशेच्या आसपास तारे आहेत, साडेसहापर्यंत गेलात तर जवळपास नऊ हजार. म्हणजे ज्याला पाचवीपर्यंतचेच दिसतात त्याच्यासमोर सहापट तारे येतात आणि तेही नक्षत्राचा आकार न मोडता.

आणि माझ्या मते खरी मेख पुढे आहे. या दुर्बिणींच्या दोन्ही नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, स्वतंत्र फिरतात. उजव्याचा नंबर उणे दोन आणि डाव्याचा उणे साडेतीन असला तरी चष्मा काढून दोन्ही बाजू आपल्या डोळ्याला जुळवता येतात आणि चष्म्यात पाव-अर्धा नंबर कमी असेल तर तोही इथे भरून निघतो. नंबर फार मोठा असेल, उणे पाच-सहाच्या पुढे, तर मात्र नेत्रिका तितकी फिरते का हे हातात घेऊन बघितल्याशिवाय ठरवू नका, प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी असते.

कोणी वापरता का? खास करून चष्मेवाल्यांचे अनुभव हवेत.

काजवा:

चांगला विषय. पण एक शंका, ७×५० का नको? ५० मिलिमीटरचं भिंग कितीतरी जास्त प्रकाश गोळा करतं आणि फोकस त्यातही आपल्या नंबराप्रमाणे होतोच की.

निशाचर_म:

होतो आणि ७×५० जरूर घ्या, देवयानी दीर्घिका किंवा वृश्चिकाच्या शेपटीजवळचे गुच्छ बघायला तीच बरी. पण तिच्यातून तुम्ही आकाशाचा तुकडा बघता. सात अंशांच्या तुकड्यात शेकडो तारे असतात आणि आपण ज्या नक्षत्राच्या शोधात आहोत ते कुठं गेलं ते समजत नाही. ज्याला नुसत्या डोळ्यांनी वाटेवरचे तारे दिसतात तो त्या तुकड्यापर्यंत चालत पोचतो, अधू डोळ्याच्या माणसाकडे ती वाटच नसते. २.१× ने ती वाट दिसते. शिवाय हात थरथरला तरी दोन पटीत जाणवत नाही, दहा पटीत प्रत्येक ठोका दिसतो.

अजून एक, ४२ चा आकडा बघून फसू नका. अंधारात बाहुली ६ मिलिमीटर असेल तर एका ताऱ्याचा प्रकाश २.१ गुणिले ६ म्हणजे १२-१३ मिलिमीटर भिंगातूनच डोळ्यात येतो. बाकीचं भिंग क्षेत्र रुंद ठेवण्यासाठी आहे.

नेत्रा_क:

मी डोळे तपासण्याचंच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर चालवून घ्या.

६/६ हा चांगल्या नजरेचा आकडा उजेडाच्या खोलीत मिळतो आणि तेव्हा बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. अंधारात ती पसरते, तरुण डोळ्यात सहा-सात मिलिमीटर होते आणि नंबरातली जी चूक दिवसा लपते ती रात्री उघडी पडते, कारण तारा ज्या धूसर गोलासारखा दिसतो तो गोल बाहुलीच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. गुणाकार अगदी सोपा आहे, बाहुली मीटरमध्ये गुणिले भरून न निघालेला नंबर, उत्तर रेडियनमध्ये. सहा मिलिमीटरची बाहुली आणि नंबर अर्ध्याने कमी पडतोय असं धरा, ०.००६ गुणिले ०.५ म्हणजे ०.००३ रेडियन, म्हणजे दहा कला (६० कलांचा एक अंश). चंद्र तीस कलांचा आहे. म्हणजे प्रत्येक तारा चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीएवढा पसरतो! सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात बाराच कलांचं अंतर आहे, त्यातही अरुंधती चौथ्या प्रतीची, ती वसिष्ठाच्या पसाऱ्यात गेलीच म्हणून समजा. आणि अर्धा नंबर कमी असलेला माणूस दिवसभर आरामात वावरतो, त्याला पत्ताही नसतो.

त्यात भर म्हणजे रात्रीचा ऱ्हस्वदृष्टिदोष, म्हणजे दूरचं धूसर दिसणं. अंधारात डोळ्याला फोकस करायला काही मिळत नाही म्हणून तो आपल्या विश्रांतीच्या जागी, म्हणजे जरा जवळ, फोकस करून बसतो, शिवाय बाहुली पसरली की भिंगाच्या कडेचा प्रकाशही आत येतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्ये स्वतःच्या डोळ्यांबद्दल हेच नोंदवून ठेवलंय. कोणाला पाव नंबर वाढतो कोणाला पाऊण, माणसागणिक वेगळं. चाळिशीनंतर जवळ फोकस करायची ताकदच कमी होते त्यामुळे पहिलं कारण हळूहळू विरतं, दुसरं राहतं. तपासायचं असेल तर आमच्यासारख्यांकडे उणे पाव आणि उणे अर्ध्याची सुटी भिंगं असतात, ती रात्री आपल्या चष्म्यापुढे धरून एखाद्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याकडे बघायचं. तारा टाचणीच्या टोकासारखा झाला तर फक्त आकाशासाठी वेगळा चष्मा करून घ्या, साध्या एका नंबराचा, प्रतिबिंब रोखणाऱ्या कोटिंगचा. दुर्बिणीच्या आधी मी तरी हेच करायला सांगेन.

दूरस्थ:

ताई, वाचनखूण साठवली. पण माझं दुखणं वेगळं आहे. उजवा डोळा उणे २.५० आणि सिलिंडर १.७५, डावा बराचसा तसाच. चष्मा काढून दुर्बिणीतून बघितलं की तारा बिंदू होतच नाही, फोकस एका बाजूला फिरवला की उभी रेघ, दुसऱ्या बाजूला आडवी, मधे अधिकच्या चिन्हासारखं काहीतरी. दुर्बीण खराब की मी?

नेत्रा_क:

दूरस्थ, दुर्बिणीतून बघताना डोकं हळूहळू कलतं करा, दुर्बीण जागीच ठेवून. रेघ तुमच्या डोक्याबरोबर फिरली तर दोष डोळ्यातला, नाही फिरली तर काचेतला. तुमच्या नंबरावरून तर डोळ्यातलाच वाटतो. कुठल्याही दुर्बिणीचा फोकस फक्त गोल नंबर भरून काढतो, सिलिंडर नाही.

तुमचा गुणाकार करून बघू. १.७५ गुणिले ६ मिलिमीटर म्हणजे जास्तीत जास्त ३६ कलांची रेघ, चंद्रापेक्षा लांब. आता गंमत अशी की हा पसारा डोळ्याच्या आतला आहे, दुर्बिणीने तो वाढत नाही पण ताऱ्यांमधली अंतरं वाढतात. म्हणजे २.१× मधून आकाशाच्या मापात ती रेघ १७ कलांची उरली. १०×३० मधून बघितलंत तर दुर्बिणीतून बाहेर येणारा प्रकाशाचा झोतच ३० भागिले १० म्हणजे ३ मिलिमीटरचा, त्यामुळे डोळ्यातली रेघ १८ कलांवर आली आणि दहाने भागून आकाशात दोन कलांच्याही आत. म्हणून सिलिंडरवाल्यांना छोट्या झोताची दुर्बीण चष्म्याशिवायही बरी वाटते आणि नेहमीच्या दुर्बिणींत ७×५० सारखी सात मिलिमीटरच्या झोताची सगळ्यात वाईट.

निशाचर_म:

ताईंच्याच गुणाकाराने पाऊण सिलिंडर काढून बघितलं. १५ कलांची रेघ, २.१ ने भागली की सातच कला राहतात, वसिष्ठ-अरुंधती सुटे दिसायला हरकत नाही. म्हणजे पाऊणपर्यंत चष्मा काढून खुशाल बघा. एकच्या पुढे असेल तर सिलिंडर भरून काढलंच पाहिजे.

आणि इथे या दुर्बिणींची खरी अडचण येते, ती लपवण्यात अर्थ नाही. गॅलिलिओ पद्धतीत डोळा काचेच्या जितका जवळ तितकं क्षेत्र रुंद. नेहमीच्या दुर्बिणीत आय रिलीफ (काचेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो ते अंतर) असतं, १५ ते २० मिलिमीटर असेल तर चष्मा घालूनही पूर्ण गोल दिसतो. इथे तशी जागाच नाही. चष्म्यामुळे डोळा दहाएक मिलिमीटर मागे गेला तर माझ्या हिशोबाने २५ अंशांचे १७-१८ उरतात. तरीही ते १०×५० च्या अडीचपट आहेत हे विसरू नका, आणि बिंदूसारखे तारे असलेले सतरा अंश रेघांनी भरलेल्या पंचवीस अंशांपेक्षा कधीही चांगले. सगळ्यात उत्तम उपाय टोरिक, म्हणजे सिलिंडरही भरून काढणाऱ्या, कॉन्टॅक्ट लेन्स, ज्यांना सोसतात त्यांना. नाहीतर छोट्या, डोळ्याच्या अगदी जवळ बसणाऱ्या फ्रेमचा चष्मा, आकाशासाठी वेगळा करणार असालच तर फ्रेम तशीच निवडा.

पकड_पाना:

यावर तिसरा उपाय आहे, थोडं हाताने काम करायची तयारी हवी. जुन्या चष्म्याच्या काचेतून नेत्रिकेच्या मापाची गोल चकती कापून घ्यायची (काच कापणाऱ्याकडून घ्या, घरी प्रयत्न नको) आणि ती रबराच्या कड्यात बसवून नेत्रिकेवर चढवायची. चष्मा नाही, सिलिंडर भरून निघतो आणि डोळा दोन-तीन मिलिमीटरच काय तो मागे राहतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा, सिलिंडरला दिशा असते. नेत्रिका फिरवून फोकस केला की चकतीही तिच्याबरोबर फिरते आणि अक्ष बिघडतो. म्हणून चकती चिकटवायची नाही, कडं सुटं ठेवायचं, आधी फोकस करायचा मग कडं फिरवून तारा बारीक होईल तिथे थांबायचं आणि कड्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवायचा म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. दोन डोळ्यांमधलं अंतर जुळवायला दुर्बीण मिटली-उघडली की नळ्याही थोड्या फिरतात, ते अंतर आधीच नक्की करा.

दुर्बीणच घरी करायची असेल तर निकॉनने कूलपिक्स कॅमेऱ्यांसाठी काढलेलं टीसी-ई२ नावाचं दोन पटीचं जोडभिंग जुन्या सामानात मिळतं, त्याच्या जोडीची नक्षत्र-दुर्बीण जगभरचे हौशी लोक बनवतात. दोन्ही भिंगं समांतर बसवणं हीच काय ती कसोटी, किंचित तिरकी झाली तरी दोन प्रतिमा दिसतात आणि डोकं दुखतं. यात नंबर फिरवायची सोय मात्र नाही, चष्मा किंवा लेन्स घालूनच बघायचं.

दूरस्थ:

कड्याची कल्पना फारच आवडली दादा. सिलिंडरसाठी टेलिस्कोपला लावायचं काहीतरी तयार मिळतं ना?

पकड_पाना:

टेलव्ह्यूचं डायऑप्ट्रिक्स. पाव ते साडेतीनपर्यंतच्या सिलिंडरमध्ये येतं, पण टेलव्ह्यू कंपनीच्याच ठरावीक आयपीसवर (टेलिस्कोपच्या नेत्रिकेवर) बसतं. दुर्बिणीला नाही. टेलिस्कोपमध्येही ते कमी शक्तीलाच लागतं. उदाहरणार्थ ८० मिलिमीटर, एफ/५ च्या (फोकसचं अंतर भिंगाच्या पाचपट) टेलिस्कोपला ३२ मिलिमीटरचं आयपीस लावलं तर १२.५ पट आणि झोत ६.४ मिलिमीटर, तिथे सिलिंडर बोंबलणार. तेच १० चं आयपीस लावलं की ४० पट आणि झोत दोनच मिलिमीटर, बहुतेकांचा सिलिंडर तिथे गायब होतो. उलट झोत एक मिलिमीटरच्या खाली नेला की डोळ्यातले तरंगणारे ठिपके आणि जाळ्या समोर नाचायला लागतात.

सायंतारा:

मी वयाने बराच मोठा आहे आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. म्हणून माझ्यासारख्यांसाठी चार शब्द.

मोतीबिंदू असताना चांदण्यांभोवती धुकं असायचं आणि जवळपास एखादा दिवा असला की सगळं आकाश पांढुरकं. तो प्रकाश भिंगातच विखुरतो, तिथे दुर्बीण कुठलीही घ्या, विखुरणं तसंच राहतं. फक्त तारा उजळ होत असल्यामुळे थोडा वर येतो इतकंच. शस्त्रक्रियेनंतर निळे तारे पुन्हा निळे दिसले, व्याध आणि अभिजित यांचा रंग कित्येक वर्षं मी पिवळटच बघत होतो कारण म्हातारं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना आपला छंद आधी सांगावा. एकाच अंतराचं भिंग दूरच्या नजरेला लावलं तर तारे स्वच्छ येतात, वाचायला चष्मा लागतो. अनेक अंतरांच्या भिंगांत रात्री दिव्यांभोवती आणि ताऱ्यांभोवती कडी दिसण्याचा संभव जास्त. निर्णय ज्याचा त्याचा पण माहीत असावं.

आणि वाढत्या वयात बाहुली तितकी पसरत नाही. माझी पाचच्या आतबाहेर असावी. म्हणजे ७×५० चा सात मिलिमीटरचा झोत माझ्या डोळ्यात मावतच नाही, ती माझ्यासाठी ७×३५ च होते. म्हणून वजनदार दुर्बिणी देऊन टाकल्या, ८×४० आणि ही दोन पटवाली ठेवली. लहान बाहुलीचा एक फायदाही आहे, नेत्राताईंच्या गुणाकाराने धूसरपणाही कमी होतो.

नेत्रा_क:

काका, अगदी बरोबर, आणि रंगाबद्दल लिहिलंत ते रुग्णांकडून नेहमी ऐकते. एवढंच जोडते की वयाप्रमाणे बाहुलीत माणसामाणसांत खूप फरक असतो, साठीतही सहा मिलिमीटरवाले असतात. मोजून घेता येते, विचारा.

काजवा:

माझ्या गच्चीवरून दिव्यांच्या उजेडात तिसऱ्या प्रतीच्या पुढे काही दिसत नाही. अशा ठिकाणी दोन पटीचा उपयोग होईल का? का फक्त अंधाऱ्या गावासाठी?

निशाचर_म:

होईल, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. आकाशाचा उजळपणा पसरलेला असतो, दुर्बिणीने तो जास्त गोळा होतो पण तितकाच जास्त पसरवलाही जातो, त्यामुळे पार्श्वभूमी होती तेवढीच उजळ राहते. तारा बिंदू असल्यामुळे पसरत नाही, तो दीड प्रतीने वर येतो. म्हणजे उजेडाच्या आकाशातही तिसरीचा माणूस साडेचारपर्यंत जातो आणि साडेचारपर्यंतच्या ताऱ्यांत बहुतेक नक्षत्रांची आकृती पुरी होते. कर्क, ध्रुवमत्स्य, धनिष्ठा ही नक्षत्रं शहरातून हरवलेलीच असतात, ती सापडायला लागतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र यातून उजळ होत नाही कारण तोही पसरलेलाच आहे. त्यासाठी अंधारच लागतो.

पाऊलखुणा:

वाचतेय. काय काय बघायचं त्याबद्दलही लिहा ना कोणीतरी. आणि माझा एक डोळा लहानपणापासून मंद आहे, एकाच डोळ्याने बघते. मला याचा काही फायदा?

निशाचर_म:

तुमचं आधी. फायदा पूर्ण आहे, दोन डोळ्यांनी थोडं जास्त दिसतं पण एका डोळ्यालाही तीच दीड प्रत मिळते. दुर्बीण अर्धी वाया जाते एवढंच, पकड_पाना दादांनी लिहिलेलं एकच जोडभिंग तुम्हाला पुरे आहे आणि दोन समांतर बसवायची कटकटही नाही. एक महत्त्वाचं, मंद तारे तिरक्या नजरेने बघायचे असतात कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात, त्या बाजूला दाट असतात. पण एका डोळ्याने बघताना दिशा सांभाळावी लागते, नजरेच्या कानाकडच्या बाजूला साधारण १५ अंशांवर अंधबिंदू आहे, तिथलं डोळ्याला काहीच दिसत नाही. उजवा डोळा असेल तर ताऱ्याच्या थोडं उजवीकडे बघा म्हणजे तारा नाकाच्या बाजूला पडेल, डावा असेल तर डावीकडे. दोन डोळेवाल्यांचं एकाचं उणं दुसरा भरून काढतो, तुम्हाला ती सवय करून घ्यावी लागेल.

आता काय बघायचं. मला स्वतःला यातून सगळ्यात जास्त आनंद मोठ्या, विरळ गुच्छांनी दिला, जे १०×५० मध्ये मावत नाहीत किंवा मावले तरी गुच्छ वाटत नाहीत. रोहिणीजवळचा व्ही आकाराचा गुच्छ साडेपाच अंशांचा आहे, रोहिणी स्वतः त्यातली नाही, ती ६५ प्रकाशवर्षांवर आणि गुच्छ दीडशेच्या आसपास, आणि त्याच गोलात शेजारी कृत्तिकाही येतात, दोन गुच्छ एका नजरेत, एक जवळचा पसरलेला आणि एक लांबचा आवळलेला! हे दृश्य नुसत्या डोळ्यांनी मला कधीच नीट मिळालं नाही. मग अरुंधती केश, तो तर डोळ्यांना नुसता उजेडाचा भास वाटतो आणि इथे सुटेसुटे तारे होतात. ययातीतल्या मुख्य ताऱ्याभोवतीची ताऱ्यांची नागमोडी रांग. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या भोवतीचे बारके तारे. पुष्य धुरकट ठिपका म्हणूनच दिसेल पण तो कुठे आहे ते कळेल. अंधाऱ्या जागी असाल तर हंसापासून गरुडापर्यंत आकाशगंगा हळूहळू खाली उतरत बघा, मधला काळा चीर गेल्यासारखा पट्टा यात फार सुंदर दिसतो, पुढे धनुतले ढगांसारखे तेजाळ पुंजके. घाई करू नका. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं द्या आणि आडवं होता येईल अशी खुर्ची घ्या, मान वर करून उभं राहिलं की पाच मिनिटांत लक्ष मानेकडे जातं.

डोळा काचेला इतका जवळ असतो की श्वासाने आणि पापण्यांच्या ओलाव्याने काच लवकर धुरकटते. मऊ कापड खिशात ठेवा, काच घासू नका, टिपा.

नेत्रा_क:

काळजीपोटी दोन गोष्टी लिहून ठेवते. दिवसा ही दुर्बीण सूर्याकडे चुकूनही नको, दोनच पट म्हणून सुरक्षित असं काही नसतं, नुसत्या डोळ्याने सूर्य बघणंही दृष्टिपटल जाळतं. लहान मुलं असतील तर सूर्य मावळल्यावरच हातात द्या.

दुसरं, धूसर दिसणं वेगळं आणि अंधारात दिसतच नसणं वेगळं. बाकीच्यांना अर्ध्या तासात डोळे सरावतात आणि तुम्ही मात्र चाचपडता, आजूबाजूचं दिसत नाही, ठेच लागते, असं असेल तर तो नंबरचा प्रश्न नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजारही असू शकतो. दुर्बिणीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि मोठ्या उणे नंबरवाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, अचानक खूप ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवायचं, दृष्टिपटल सुटण्याची ती लक्षणं आहेत.

दूरस्थ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे डोकं कलतं करून बघितलं, रेघ डोक्याबरोबर फिरली, म्हणजे डोळाच. उणे पावचं भिंग चष्म्यापुढे धरल्यावर ध्रुव बराच आवळला, अर्ध्याने त्याहून फारसा फरक नाही. एक शेवटची शंका, माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, तोच घालून दुर्बीण लावली तर चालेल का?

नेत्रा_क:

नको. प्रोग्रेसिव्हमध्ये दूरचा नंबर वरच्या भागात असतो आणि खाली जाताना तो बदलत जातो, शिवाय दोन्ही कडांना काचेचाच स्वतःचा सिलिंडर तयार होतो. दुर्बीण नाकावर टेकवलीत की तुम्ही काचेच्या कुठल्या भागातून बघताय ते तुमच्या हातात राहत नाही आणि दर वेळी फोकस वेगळा लागतो. साध्या एका नंबराचा करून घ्या, दूरच्या नंबरात हा उणे पाव मिळवून, सिलिंडर आणि अक्ष आहे तसाच. फ्रेम छोटी आणि जवळ बसणारी घ्या. चष्मा तयार झाला की दुर्बीण लावताना एकेक डोळा करा, दुसऱ्या बाजूच्या भिंगावर झाकण ठेवून, डोळा मिटून नव्हे, कारण मिटताना दुसराही आकसतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा तारा निवडा, फार तेजस्वी घेतला तर डोळ्यातल्या भिंगाच्या सांध्यांमुळे त्याला किरणं फुटतातच आणि बारीक झाला की नाही ते कळत नाही. नेत्रिका आधी पूर्ण बाहेर फिरवून मग आत आणत जा आणि तारा पहिल्यांदा टोकदार होईल तिथेच थांबा, त्याच्या पुढे गेलात तर डोळा ताण घेऊन जुळवून घेईल आणि अर्ध्या तासात दुखायला लागेल.

पकड_पाना:

आणि दोन्ही बाजू जुळल्या की नेत्रिकांवर ठिपके देऊन ठेवा, अंधारात बोटाला लागतील असे, जाड रंगाचे.